झाडांना कळवण्यात आलं आहे

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक झाडाला एकाच सकाळी फुलं आली. डाळिंबाला आली, लिंबाला आली, नर्सरीतल्या वीतभर रोपांनासुद्धा आली, ज्यांचं अजून तसलं वय नव्हतं. तहसील कचेरीसमोरची चिंच, गेली कित्येक वर्षं नुसती सावली देऊन पगार घेत असल्यासारखी उभी होती, तीही फुलली. पोलीस ठाण्यात पुरावा म्हणून जप्त करून कुंडीत ठेवलेलं एक रोप होतं, त्यालाही फुलं आली आणि पंचनामा नव्यानं करावा लागला.

असं काहीही घडलेलं नाही. तालुका कृषी कार्यालयाची तशी भूमिका आहे, आणि मी त्याच कार्यालयात नोकरीला आहे. तेव्हा जे घडलंच नाही ते कसं घडलं, एवढंच सांगतो.

मी शिवतेज गळवे. पूर्वी माझा हुद्दा कृषी सहायक होता. म्हणजे गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा आणि बँक कॉलनीतल्या वहिनींना त्यांचा कढीपत्ता का रुसलाय ते सांगायचं. शेतकरी सल्ला नीट ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि शेजाऱ्यानं जे केलं तेच करायचे. मग सल्ले मोबाइलवर पाठवायला सुरुवात झाली. पुढे पाहणी केली, तर दहातल्या नऊ जणांनी आम्हाला म्यूट केलेलं निघालं. दहावा वारला होता.

तेव्हा वर बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मधला माणूसच काढून टाकू. सल्ला थेट झाडाला देऊ.

ऐकायला वाटतं तितकं हे वेडेपणाचं नव्हतं. झाड मुळांमधून सतत बोलत असतं, फक्त रसायनांत. जमीन कोरडी पडली की मुळं ॲब्सिसिक आम्ल नावाचं द्रव्य वर पाठवतात आणि पानांवरची छिद्रं मिटतात. एका झाडावर कीड आली की त्याच्या पानांतून एक वास सुटतो, आणि शेजारचं झाड कीड पोचायच्या आत आपली पानं कडू करून बसतं. मातीतल्या बुरशीचे धागे असले निरोप या झाडाकडून त्या झाडाकडे नेतात. हे सगळं जुनंच ज्ञान. नवीन एवढंच झालं, की ही भाषा यंत्राला लिहिता येऊ लागली. हातभर लांबीचं एक धातूचं यंत्र मुळांशी रोवायचं. त्याच्या टोकातून ठरावीक रेणू ठरावीक क्रमानं सुटतात, सोबत विजेचे बारीक झटके जातात आणि झाडाला निरोप पोचतो. शब्द नाहीत, कविता नाही. 'पाणी कमी.' 'पूर्वेकडून कीड.' 'अमुक दिवसांनी पाऊस.' दिवस कसे कळतात म्हणाल, तर झाडाकडे स्वतःचं घड्याळ असतंच. रात्र किती लांबली हे मोजूनच शेवंती फुलते.

शासनानं यंत्राला 'मूळवार्ता' असं नाव दिलं. लोकांनी खुंटी म्हटलं.

झाडं मात्र मिळेल त्या निरोपावर विश्वास ठेवत नाहीत. लाजाळूचं रोप पुन्हा पुन्हा थोड्या उंचीवरून सोडलं आणि त्याला काही इजा झाली नाही, तर काही वेळानं ते पानं मिटायचं बंद करतं. त्याला कळतं, हा नुसता घाबरवतोय. खुंटीचंही तसंच. निरोप देणाऱ्या प्रत्येकाचा एक वेगळा वास निरोपाला जोडलेला असतो, सहीसारखा. ज्याचं सांगणं खरं ठरतं त्याच्या वासाला झाड वजन देतं. खुंटीच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे ते वजन हिरव्या पट्टीत दिसतं. आमच्या कार्यालयाची पट्टी नखाएवढी होती. शेतकऱ्यांना आम्हाला ओळखायला एक पिढी लागली होती, झाडांनी एका आठवड्यात ओळखलं.

माझा हुद्दा बदलून वनस्पती-संवाद सहायक असा झाला. मोटारसायकल तीच राहिली.

पहिली खुंटी मी पिंपरखडीला माझ्या आत्याच्या डाळिंबाच्या बागेत रोवली. प्रात्यक्षिकाचा प्लॉट नेहमी डांबरी रस्त्याला लागून निवडायचा अशी आमच्या खात्यात पद्धत आहे, म्हणजे पाहणीला आलेल्या साहेबांना गाडीची काच खाली केली की पाहणी होते. आत्याची बाग रस्त्याला लागून होती. एवढीच तिची पात्रता.

शालनआत्या, म्हणजे शालन बाड, हिच्याबद्दल गावात एकच तक्रार आहे. ती खरं बोलते. लग्नात जेवून उठताना आचाऱ्याला भाजीत काय चुकलं ते सांगते. मला बघायला आलेल्या पाहुण्यांना तिनं न विचारता सांगितलं होतं, 'पोरगं चांगलं हाय, पण आळशी.' ते पाहुणे परत आले नाहीत. अशी आत्या उन्हाळ्यापासून रोज खुंटीशी बोलत होती; पाण्या-खताचे रोजचे निरोप खुंटी आवाजावरूनच घेते, बाकीच्यांना बटणं लागतात. 'उद्या सकाळी पाणी.' 'परवा शेणखत.' आणि जे बोलेल ते करत होती. तिची पट्टी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

हिवाळ्यात आत्यानं बागेला ताण द्यायला घेतला, आणि गडबड तिथं झाली.

ताण म्हणजे काय, ते डाळिंबवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. डाळिंबाचं झाड सुखात असलं की नुसती पानं काढतं. त्याला फुलवायचं तर त्याचं पाणी तोडायचं. जमीन भेगाळते, पानं पिवळी पडून गळतात, झाडाला वाटतं आपलं आता संपलं. मरायच्या आधी वंश मागे ठेवावा म्हणून फांद्यांत साठवलेलं सगळं ते फुलांसाठी काढून ठेवतं. नेमकं तेव्हा पाणी सोडायचं. बहार येतो. म्हणजे हा सगळा धंदा झाडाच्या एका गैरसमजावर उभा आहे.

आत्यानं मला फोन करून बोलावून घेतलं.

"शिवा, ही झाडं मला भ्यायची बंद झालीत."

"आत्या, झाडं कुणाला भीत नसतात."

"तू किती लावलीस रं झाडं? गप." तिनं एक फांदी खाली ओढली. "ह्या दिवसांत खाली पिवळ्या पानांचा सडा पडाया पायजे. हितं बघ. लग्नाला नटून बसल्यागत बसल्यात."

पानं खरोखर हिरवीगार होती. पानगळीसाठी तिनं इथ्रेल फवारलं होतं. एक पान हललं नव्हतं. मी खुंटीचा पडदा उघडला. फवारणीच्या आदल्या दिवशी आमच्या कार्यालयानं झाडांना सूचना पाठवलेली दिसली: उद्या येणारं द्रव्य म्हणजे पानगळीचा ऋतू नव्हे, फवारणी आहे, दुर्लक्ष करावे. कार्यालयाचा आजवर खरा ठरलेला हा एकमेव निरोप.

त्याच्याखाली दुसरा निरोप होता. 'पाणी संक्रांतीनंतरच्या सोमवारी.' पाठवणार, शालन बाड.

"आत्या, हे तू सांगितलंस?"

"ह्या खुंटीनं इचारलं, पाणी कवा सोडणार. मी सांगितलं."

"कशाला सांगितलंस? आता त्यांना माहितीये की सोमवारी पाणी येणारच आहे. कशाला घाबरतील? आरामात बसलीत, तारखेची वाट बघत."

आत्या खाली बसली. "इचारल्यावर काय सांगायचं मग?"

"खोटं सांगायचं."

"झाडाला?" तिचा चेहरा असा झाला, जणू मी देवळात चोरी करू म्हटलंय. "तीस वर्सं ताण देते मी. एकदा तरी खोटं बोलले? गप बसले नुसती."

तिला बसलेला धक्का मला उशिरा समजला. ती इतकी वर्षं ज्याला शेती म्हणत होती त्यातलं अर्धं काम गप्प बसायचं होतं, आणि तेवढंच आम्ही सरकारी खर्चानं काढून घेतलं होतं.

तिच्यासाठी हा बहार नेहमीसारखा नव्हता. आधीचे दोन्ही बहार तेल्या रोगानं गेले होते. जमीन तिच्या मुलाच्या नावावर, संग्रामदादाच्या. तो पुण्याला असतो आणि तो काही वाईट नाही. साठी ओलांडलेली आई पाठीवर पंप बांधून फवारते हे त्याला बघवत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. दिवाळीत त्यानं सांगितलं होतं, की जानेवारीअखेरपर्यंत झाडाला कळी दिसली तर बाग राहील. नाही दिसली तर बाग काढायची आणि जमीन सोलरवाल्यांना द्यायची. आत्या हो म्हणाली होती. तिनं हो म्हणणं म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी तालुक्याला गेलो. आमचे तालुका कृषी अधिकारी बिराजदार साहेब टेबलावरच्या मनी प्लँटला खुंटी रोवून त्याच्याशी हवामानाबद्दल बोलत होते.

"साहेब, पिंपरखडीच्या बागेतली सेवा बंद करा."

"लाभार्थ्याची तक्रार आहे का?"

"आहे ना. आत्या म्हणते—"

"बाई लाभार्थी नाहीत, गळवे. लाभार्थी झाड." त्यांनी माझ्यासमोरच झाडाला विचारणा केली. पडद्यावर उत्तर आलं, 'ठीक.' "बघ. समाधानी आहे."

"मग मी खुंटी उपटून टाकतो."

"टाक की. शेजारच्या बागेत आहेच. बुरशीला काय बांध कळतो?"

"मग खोटा निरोप पाठवू? पाणी येणार नाही म्हणून?"

साहेबांना हे लागलं. "कार्यालय खोटं पाठवत नाही, गळवे. चुकीचं पाठवतं." जरा थांबून म्हणाले, "पाठव चुकीचं."

मी पाठवलं. पाणी येणार नाही, यापुढे कधीच नाही. झाडांनी एक नवी पालवी काढली. आमची पट्टी आणखी थोडी आखूड झाली.

संक्रांत झाली. पान गळालं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा आत्या खुंटीपाशी मांडी घालून बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचाच.

"माझ्या नावानं पाठव. मला ती बटणं कळत न्हाईत."

"काय पाठवू?"

"महिनाअखेरीला तुमास्नी मुळासकट काढणार."

"आत्या..."

"पान गळालं न्हाय, तर कळी कुठनं येणार? कळी न्हाय म्हंजे संग्राम काढणार. मग खरंच की. त्यांचंच मरण हाय, त्यास्नी नको कळाया? येवढं बाकीचं सगळं कळवतासा."

खुंटीच्या भाषेत 'झाड काढणार' असा निरोपच नव्हता. ती बनवणाऱ्यांना तशी गरज वाटली नसावी. शोधता शोधता एक सापडला, आंतरमशागतीच्या आधी द्यायचा: अमुक बाजूची मुळं तुटतील, अमुक खोलीपर्यंत. पुढे बाजू आणि खोली निवडायची.

"कुठली बाजू?" मी विचारलं.

"चारी."

"खोली?"

आत्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी 'पूर्ण' निवडलं आणि बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग पडद्यावरची झाडांतल्या विजेची रेघ, जी एरवी झोपलेली असते, ती उभी राहिली. वारा नव्हता. बागेच्या त्या टोकाला पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज सुरू झाला आणि आमच्याकडे यायला लागला. पानं गळत होती. हिरवी. पिवळं व्हायलाही थांबली नाहीत. तिन्हीसांजेपर्यंत बागेत एक पान राहिलं नाही, आणि आम्ही दोघं घोट्यापर्यंत हिरव्या पाल्यात उभे होतो. मी काहीतरी विनोद करायचा प्रयत्न केला. मला आठवत नाही काय. आत्या म्हणाली, "गप."

सकाळी बाग लाल होती.

पुस्तकात या गोष्टीला कित्येक आठवडे लागतात. पुस्तक लिहिणाऱ्यानं झाडाला कधी सगळं खरं सांगितलं नसणार. फुलं फांदीच्या टोकाला आली होती, मध्ये आली होती, खोडाच्या सालीतून फुटून आली होती. आत्यानं तोंडावर पदर घेतला. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं. तिनं विचारलं, "एवढी भ्याली?"

मग माझा फोन वाजायला लागला. बँक कॉलनीतल्या सय्यद भाभी: रंगाच्या डब्यातली मिरची एका रात्रीत फुलांनी पांढरी झाली, मुलं रडतायत, काय फवारू? नर्सरीवाला, देवळाचा पुजारी, मग ठाण्यातून हवालदार. तोवर तालुक्यात गावोगाव खुंट्या झाल्या होत्या, आणि त्यांची एक सोय होती, ज्याच्या शब्दाला फार वजन आहे त्यानं दिलेला धोक्याचा इशारा त्या आपण होऊन पुढच्या खुंटीला कळवायच्या. तालुक्यात आत्याएवढी लांब पट्टी कुणाचीच नव्हती. तिनं आपल्या बागेला सांगितलेलं खुंट्यांनी, बुरशीनं आणि पानांच्या वासानं मिळून सगळ्या तालुक्याला सांगितलं. चारी बाजू, पूर्ण खोली. झाडांनी बिनतक्रार मान्य केलं. बाई खोटं बोलत नाही.

आत्यानं ठरल्या सोमवारी पाणी सोडलं. महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी संग्रामदादा आला, सोबत सोलरवाल्यांचा मोजणीचा माणूस. दादा गाडीतून उतरला आणि दार उघडं टाकून तसाच बांधावर बसला.

"आई, हे काय गं?"

"कळी म्हणाला होतास. ही फुलं हायती. चालतील?"

दादानं तिथूनच फोन लावून जेसीबी नको म्हणून सांगितलं. मोजणीवाल्यानं चहा घेतला, चार फोटो काढले आणि गेला. दादा आईच्या पाया पडला. ती म्हणाली, "पोट सुटलंय तुझं," आणि रडली. मला वाटलं, संपलं. गोष्ट चांगली संपली.

महिना संपला. जेसीबी आला नाही. कुणाची मुळं तुटली नाहीत.

एक फेब्रुवारीला मी सहज पडदा उघडला आणि उघडाच धरून उभा राहिलो. आत्याच्या नावापुढची पट्टी गेली होती. आखूड नव्हती, गेली होती. यादीत ती आमच्या कार्यालयाच्या खाली होती. या तालुक्यात आजवर सजीव-निर्जीव काहीही आमच्या कार्यालयाच्या खाली गेलेलं नाही.

आणि झाडं थांबत नव्हती. आत्याचं सांगणं खोटं ठरलं म्हणून त्यांची भीती गेली असं झालं नाही, कारण भीती आता आत्याची उरलीच नव्हती. प्रत्येक झाडाला शेजारचं झाड फुलताना कळत होतं, म्हणून ते आणखी फुलत होतं, आणि ते फुलतंय म्हणून शेजारचं. माणसांत याला अफवा म्हणतात. सुरू करणारा खोटा ठरला म्हणून ती थांबत नाही. फळं धरली होती, पण सुपारीएवढी, घोसच्या घोस, आणि त्यांच्यातून परत कळ्या. फांद्यांचे शेंडे वाळायला लागले. झाडं मरणाच्या भीतीनं स्वतःला मारून घेत होती.

"त्यास्नी सांग," आत्या म्हणाली. "काढणार न्हाय म्हणावं. पोरानं कबूल केलंय."

मी तिच्या नावानं पाठवलं. मुळं तुटणार नाहीत, कुठल्याच बाजूनं नाहीत. रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशी पाठवलं, तिसऱ्या दिवशी पाठवलं. मग ती बटणं स्वतःच शिकली आणि मला विचारायची थांबली. संग्रामदादा रजा टाकून आला. आता मायलेक सकाळी बागेत शिरतात आणि ज्या फुलांसाठी दोन वर्षं वाट बघितली ती हातानं तोडतात, झाडाला जरा दम पडावा म्हणून. पाट्या भरतात. सकाळी तोडलेल्या जागी संध्याकाळी नवीन कळी असते.

"मी खोटं बोलले न्हाय, शिवा."

"नाही आत्या."

"मग?"

"तू खरंच बोललीस. नंतर खरं बदललं."

तिनं हातातली कळी पाटीत टाकली. पुढच्या कळीला हात घातला. मग म्हणाली, "म्हंजे जेसीबी आला असता, तर माझा शब्द राहिला असता."

दादा पलीकडच्या ओळीत होता. त्यानं ऐकलं. तो तसाच पाठ करून फुलं तोडत राहिला.

"तुमच्या हापिसात लिव्ह की कुणाला तरी," आत्या म्हणाली. ती मला पहिल्यांदाच काहीतरी मागत होती, आणि ते सुद्धा माझ्या खात्याकडून. "कुणीतरी असंल की तिथं, ह्येच्यासाठी."

बिराजदार साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तालुक्यात अवेळी बहार आल्याची कुठलीही नोंद नाही, त्यामुळे तो थांबवण्याचा प्रश्न येत नाही. त्यांच्या मागे मनी प्लँटला फूल आलं होतं. मनी प्लँटला फूल येत नाही. साहेबांनी त्यावर रुमाल टाकला होता.

तेव्हा मी लिहिलं, आणि कुणाकडे पाठवायचं ते समजेना म्हणून, तिला शब्द कळत नाहीत हे माहीत असूनही, खुंटीतूनच पाठवलं:

प्रति, डाळिंबाची सर्व झाडे, मौजे पिंपरखडी. सविनय सादर की, श्रीमती शालन बाड यांनी आपणांस दिलेला निरोप देतेवेळी खरा होता, व आपणांस राखण्यात आल्यामुळेच तो पुढे खोटा ठरला. सबब सदर बाब सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन त्यांचा शब्द पूर्ववत ग्राह्य धरण्यात यावा, आणि तसे होईपर्यंत कृपया फुलणे थांबवावे, ही विनंती.